अदमासाचा शेवटचा डाव

"बाई, वारा फिरलाय," ठोसर म्हणाले. "चिठ्ठी लिहायच्या आधी बघून घ्या."

"मला दिसतंय."

"नाही, मागच्या वेळी तुम्ही वारा धरलाच नव्हता, म्हणून सांगितलं."

"मागच्या वेळी जिंकलं कोण?"

ते हसले, पाठमोरे झाले आणि गुडघ्यावर वही टेकवून आपली चिठ्ठी लिहू लागले. मीही पाठ फिरवली. मनात आकडा आला होता चार. मी चिठ्ठीवर सात लिहिले, तिची बारीक घडी घातली आणि आप्पांच्या हातात दिली. आप्पांनी ती कोटाच्या डाव्या खिशात टाकली. डावा खिसा माझा, उजवा ठोसरांचा.

एकोणीसशे चौऱ्याहत्तरच्या फेब्रुवारीतला तो रविवार होता. मंगळवारी सकाळी ठोसर बदलीवर चांद्याकडे निघणार होते. आमचा हा शेवटचा डाव होता आणि तो मला काहीही करून हरायचा होता.

आप्पा म्हणजे माझे वडील. आंबेघळच्या धरणावर जी कामगारांची वसाहत होती, तिथल्या शाळेचे ते मुख्याध्यापक. मी त्याच शाळेत गणित शिकवायची, त्यामुळे घरी मुलगी आणि शाळेत हाताखालची बाई अशा दोन्ही नात्यांनी मी त्यांची बोलणी खायची. आईला जाऊन आठ वर्षं झाली होती. ठोसर मोजणी खात्यातले सर्व्हेअर, वय सत्तावीस. मी एकतीस. हा चार वर्षांचा फरक मी तेव्हा दिवसातून चार वेळा तरी मोजून बघायची, जणू कधीतरी तो कमी भरेल.

वसाहतीच्या मागे एक माळ होता. धरणाची पहिली पाहणी करायला आलेल्या कुणा इंग्रज इंजिनियरने तिथे स्वतःपुरता गोल्फ खेळायला भोकं पाडून घेतली होती. साहेब गेला, गवत शेळ्यांनी खाल्लं, सहा भोकं उरली. पुढे डाक बंगल्याच्या अडगळीतून एक पेटी निघाली. तिच्यात गोल्फच्या दोन लोखंडी काठ्या आणि तेरा चेंडू होते. बंगल्याच्या खानसाम्याने पेटी आप्पांकडे आणून दिली, कारण वसाहतीत ज्याचा उपयोग कुणालाच कळत नसे अशी प्रत्येक वस्तू शेवटी शाळेत यायची.

आप्पांना गोल्फ पसंत पडला नाही. "कमी टोल्यांत चेंडू घालायचा, हे काय, ताकदीचं काम," ते म्हणाले. "आपण किती पाण्यात आहोत हे आधी सांगता आलं पाहिजे. ते अकलेचं काम." आणि आठवड्याभरात त्यांनी स्वतःचा खेळ बसवला. त्याला त्यांनी नाव दिलं अदमास.

खेळ सोपा होता. गोट्या खेळताना जमिनीतल्या भोकाला गल म्हणतात, तोच शब्द आम्ही उचलला. प्रत्येक गलीच्या सुरुवातीला उभं राहायचं, अंतर, चढउतार, वारा सगळं डोळ्यांनी जोखायचं आणि आपल्याला ही गल गाठायला किती टोले लागतील तो आकडा चिठ्ठीवर लिहून पंचाला द्यायचा. पंच अर्थातच आप्पा. पावलं मोजायची नाहीत, मोजणीची साखळी लावायची नाही. मग खेळायचं. सहा गली झाल्या की चिठ्ठ्या उघडायच्या. लिहिलेला आकडा आणि खरे टोले यांत जो फरक, त्याचा वर्ग म्हणजे दंड. एकाने चुकलात तर एक, दोनाने चुकलात तर चार, तिनाने चुकलात तर नऊ. ज्याचा दंड कमी तो जिंकला. वर्ग कशासाठी, असं ठोसरांनी पहिल्या दिवशी विचारलं होतं. "थोडं चुकणाऱ्याला माफी असावी आणि फार चुकणाऱ्याला लाज वाटावी म्हणून," आप्पा म्हणाले.

एक नियम फार कडक होता. टोला प्रामाणिक हवा. चिठ्ठीतला आकडा भरावा म्हणून कुणी मुद्दाम चेंडू भलतीकडे मारला तर आप्पा तिथल्या तिथे ओळखायचे आणि सगळी गल बाद करायचे. चिठ्ठी प्रामाणिक हवी, असा नियम मात्र नव्हता. मुद्दाम हरायला कुणी येईल, हे त्यांच्या डोक्यातच आलं नसणार.

आणि पैज. पैजेशिवाय खेळाला चव नाही हे आप्पांना मान्य होतं, पण शाळामास्तरने पैजा लावणं बरं दिसत नाही, म्हणून त्यांनी तोड काढली. जिंकणाऱ्याने हरणाऱ्याला एक प्रश्न विचारायचा. एकच. हरणाऱ्याने खरं उत्तर द्यायचं. आणि हे सगळं पंचासमोर.

दोन वर्षं दर रविवारी आम्ही दोघं खेळलो. बहुतेक वेळा मी जिंकायची. एकदा मी विचारलं, "तुम्हाला पोहता येतं का?" धरणावर काम करणारे ठोसर मान खाली घालून म्हणाले, "नाही." आप्पा पंधरा दिवस हसत होते. एकदा विचारलं, "आईला पत्रात या खेळाबद्दल काय लिहिलंत?" ते म्हणाले, "लिहिलं की इथे एक बाई आहेत, त्या मला दर रविवारी हरवतात. आईने कळवलं, हरत राहा."

ते क्वचित जिंकले. त्यांचा शेवटचा प्रश्न दिवाळीनंतरचा. "बाई, तुम्हाला ही वसाहत सोडून कुठे जावंसं वाटतं का?" खरं बोलायला मी बांधलेली होते. मी म्हटलं, "वाटतं." त्या रात्री आप्पा जेवताना एक शब्द बोलले नाहीत.

गुरुवारी बदलीचा हुकूम आल्याचं सांगायला ठोसर घरी आले. मी पायरीवर तांदूळ निवडत होते. ते अंगणात उभेच राहिले.

"मंगळवारी निघायचंय."

"इतक्यात?"

"हो ना." मग बराच वेळ चपलेच्या अंगठ्याने माती उकरून झाली. "रविवारी खेळू या ना, बाई? शेवटचा डाव."

"खेळू या की."

एवढं बोलून ते गेले. आणि मी तांदळातले खडे समजून तांदूळच टाकून देत बसले.

मला ते हवे होते. त्यांच्याशी लग्न करायचं होतं, चांद्याला जायचं होतं, त्यांच्या आईची पत्रं वाचायची होती. पण हे मी तोंडाने बोलणं शक्यच नव्हतं. मी चार वर्षांनी मोठी, शाळेतली बाई, पोरं मला घाबरायची आणि त्यांचे बापही. पण त्यांनी विचारलं असतं तर? अदमासातल्या प्रश्नाला खरं उत्तर द्यावंच लागतं. नियमच असल्यावर लाजायचं कारण काय? रविवारपर्यंत मी एवढं नक्की केलं की त्यांना जिंकू द्यायचं. टोला खोटा मारता येणार नव्हता, तेव्हा चिठ्ठी खोटी लिहायची. प्रत्येक वेळी मनातल्या आकड्यात तीन मिळवायचे. तीन म्हणजे हरायला भरपूर आणि वेडेपणा वाटू नये इतपत कमी.

पहिली गल मी चार टोल्यांत घातली. मनात धरले होते तेवढ्याच. दुसरी तीनमध्ये. ठोसरांच्या मोजणीच्या लाल-पांढऱ्या काठ्या आम्ही निशाण म्हणून गलींशेजारी रोवत होतो. तिसऱ्या गलीची काठी कलली होती, ती सरळ करताना आमचे हात एकाच वेळी पुढे झाले आणि दोघांनीही एकदमच मागे घेतले, त्यामुळे काठी पडली.

"पाडा, पाडा," आप्पा म्हणाले. "सरकारी माल आहे."

त्या दिवशी ठोसर गप्प होते. एरवी माझ्या प्रत्येक टोल्यावर काहीतरी खवचट बोलायचे. पाचव्या गलीशी मी न राहवून म्हटलं, "आज टोमणे संपले का?"

"जपून ठेवलेत. तिकडे पुरायला हवेत."

मी सहाव्या गलीची चिठ्ठी लिहिली. मनात तीन होते, लिहिले सहा. टोले पडले दोन, म्हणजे चारचा फरक, सोळा दंड. इतकी छान हरत होते मी की मला आतून हसू फुटत होतं.

सहाव्या गलीपाशी एक सपाट खडक होता. त्यावर आप्पा बसले, चष्मा पुसला आणि डावा खिसा मांडीवर रिकामा केला. त्यांच्या उजव्या डोळ्यात मोतीबिंदू होऊ लागला होता, त्यामुळे चिठ्ठी ते अगदी नाकाजवळ धरायचे.

"शरयू, पहिली गल. चिठ्ठी सात, टोले चार. नऊ." त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "हे काय गं?"

"वारा," मी म्हटलं.

"दुसरी. सहा, तीन. नऊ." पुढे ते माझ्याकडे बघायचे थांबले. "तिसरीला चार. चौथीला नऊ, पाचवीला नऊ. सहावीला सोळा. एकूण छप्पन्न." दोन वर्षांत माझा दंड कधी बाराच्या वर गेला नव्हता. "पाचवीतल्या पोरांनी याहून बरा अदमास केला असता. ठोसर, जिंकलात तुम्ही. तरी वाचून टाकतो."

ठोसर हातातल्या काठीच्या टोकाकडे बघत होते.

"पहिली. सहा, टोले तीन. नऊ." आप्पांनी चिठ्ठी उलटून पाहिली, पुन्हा सुलट केली. "दुसरीला चार. तिसरी, सात, चार. नऊ. चौथीलाही नऊ." त्यांचा आवाज हळूहळू उतरत गेला. "पाचवी. सोळा. सहावी, नऊ."

बेरीज आम्ही तिघांनीही मनातल्या मनात केली. माळावर शेळ्यांच्या गळ्यातल्या घंटा वाजत होत्या.

"छप्पन्न," शेवटी आप्पा म्हणाले.

ठोसरांनीही तीनच मिळवले होते. त्यांनाही हरायचं होतं. त्यांनाही वाटत होतं की मी विचारावं. दोघांनी मिळून दोन वर्षं एकमेकांना इतके प्रश्न विचारले आणि ज्या दिवशी विचारायची वेळ आली त्या दिवशी दोघंही उत्तर द्यायला धावत सुटलो. मी त्यांच्याकडे पाहिलं तर ते माझ्याकडेच बघत होते, आणि हसत होते, आणि त्यांचे डोळे भरलेले होते.

"बरोबरी झाली," आप्पा म्हणाले. "नियमाप्रमाणे सहावी गल पुन्हा. एकच गल, एकच चिठ्ठी." मग खाकरून, "या वेळी जरा विचार करून लिहा दोघांनी."

मी विचार केला. त्यांची इच्छा मी विचारावं अशी असेल तर मला जिंकायला हवं. मी मनातला आकडा जसाच्या तसा लिहिला. तीन.

माझा पहिला टोला निशाणाच्या रोखाने गेला, दुसऱ्याने चेंडू गलीच्या वीतभर जवळ नेला, तिसऱ्याने आत. मग ठोसर. त्यांचा दुसरा टोला माझ्यापेक्षा सरस होता. तिसरा त्यांनी फार जपून मारला. चेंडू गलीच्या काठावर गेला, काठाकाठाने अर्धा फिरला आणि बोटभर अलीकडे थांबला. ते दोन पावलं पुढे येऊन त्याच्याकडे बघत उभे राहिले. मग चौथ्या टोल्याने त्यांनी तो आत ढकलला.

"शरयू, चिठ्ठी तीन, टोले तीन. दंड शून्य," आप्पांनी वाचलं. "ठोसर." त्यांनी चिठ्ठी आणखी नाकाजवळ नेली. "चिठ्ठी तीन. टोले चार. दंड एक."

तीन. त्यांनीही खरा आकडा लिहिला होता. या वेळी ते जिंकायला खेळले होते. म्हणजे त्यांनी विचारायचं ठरवलं होतं आणि बोटभर अंतरामुळे ते राहिलं. आता प्रश्न माझ्याकडे आला होता.

"विचार," आप्पा मला म्हणाले. मग एकदम उठून त्यांनी खांदे चाचपले. "माझा मफलर चौथ्या गलीशी राहिला वाटतं. घेऊन येतो."

"मी आणतो, सर," ठोसर म्हणाले.

"तुम्ही जागेवर थांबा. तुम्हाला उत्तर द्यायचंय."

"आणि पंचाशिवाय प्रश्न कसा विचारायचा?" मी म्हटलं.

"आज पंचाचा तुमच्यावर विश्वास आहे," असं म्हणून ते उतरू लागले. मफलर त्यांच्या गळ्यातच होता, कोटात खोवलेला. ठोसरांनीही तो पाहिला असणार.

आम्ही दोघंच राहिलो. ठोसरांनी काठी खाली ठेवली आणि परीक्षेला बसल्यासारखे हात मागे बांधून उभे राहिले.

"विचारा, बाई."

मी तोंड उघडलं. वाक्य तयार होतं, चार शब्दांचं. तेवढ्यात त्यांच्या खांद्यावरून मला उतारावरचे आप्पा दिसले. ऊन उतरलं होतं. ते एक पाऊल टाकत होते, थांबत होते, पायाने पुढची जमीन चाचपत होते, मग दुसरं पाऊल. एका दगडाशी तर कितीतरी वेळ थांबले. ज्या उतारावरून ते दर रविवारी आमच्या पुढे चालायचे, तोच उतार. मला एकदम कळलं, यांना दिसत नाहीये. मला सांगत नाहीत, पण यांना दिसत नाहीये. मी गेले तर यांचं ताट कोण वाढणार, संध्याकाळी हात कोण धरणार? अंगणातून रस्त्यावरसुद्धा हे एकटे येऊ शकणार नाहीत.

ठोसर वाट बघत होते.

"तिकडे गेल्यावर खेळणार का?" मी विचारलं.

त्यांना लगेच समजलं नाही. मग समजलं. मागे बांधलेले हात सुटले.

"हा प्रश्न?"

"हो."

"अदमास?"

"हो."

"नाही," ते म्हणाले. खरं उत्तर द्यायचा नियम त्यांनी पाळला. "या खेळाला दोघं लागतात, बाई."

"मिळेल की तिकडे कुणीतरी."

"मला कुणीतरी नकोय."

एवढं ते बोलले. एका फुटकळ प्रश्नाच्या उत्तरात माणसाला जेवढं कोंबता येईल तेवढं त्यांनी कोंबलं होतं. आता फक्त मी बोलायचं होतं. प्रश्न संपला होता, पण बोलायला कुणी बंदी केली नव्हती. मी खाली वाकले आणि काठ्या, चेंडू गोळा करायला लागले. ते करत असताना आप्पा परत आले. कसे आले ते मी पाहिलं नाही. वर मान केली असती तर त्यांना दिसलं असतं की मी रडते आहे.

मंगळवारी त्यांची जीप शाळेवरून गेली तेव्हा मी सहावीच्या वर्गात अपूर्णांक शिकवत होते. पोरांनी खिडकीकडे माना वळवल्या. मी म्हटलं, "इकडे लक्ष द्या." पोरं घाबरून फळ्याकडे बघायला लागली. खिडकीशी जायची हिंमत मला झाली नाही.

चांद्याहून एक कार्ड आलं, आप्पांच्या नावे. सर व बाईंना नमस्कार, इथे जंगल फार, माळ नाही. दोन वर्षांनी लग्नपत्रिका आली. मुलीचं नाव छान होतं. आप्पांनी पत्रिका वाचली, माझ्यासमोर ठेवली आणि काही न बोलता फिरायला निघून गेले. मी तेव्हासुद्धा रविवारी माळावर जायची. दोन चिठ्ठ्या लिहायची, दोन्ही बाजूंनी खेळायची. ठोसरांच्या वतीने खेळताना टोमणेही मीच मारायची. आज मी ऐंशीच्या पुढे आहे आणि खरं विचाराल तर मला ते अजून हवे आहेत. कामात असले की आठवण येत नाही. वारा फिरला की येते.

आप्पांच्या डोळ्याचं ऑपरेशन पुढच्याच उन्हाळ्यात झालं. नंतर ते बारा वर्षं जगले आणि शेवटपर्यंत सुईत दोरा ओवून मला देत असत. एवढ्या वर्षांत त्यांनी त्या संध्याकाळचा विषय काढला नाही. शेवटच्या आजारात, एका दुपारी, मी त्यांना मोसंबीचा रस देत होते, तेव्हा त्यांनी भांडं बाजूला केलं.

"शरयू, त्या दिवशी तू ठोसरला काय विचारलंस?"

कुठला दिवस ते सांगावं लागलं नाही. "तिकडे जाऊन खेळणार का, असं विचारलं."

"बस्स?"

"हो."

त्यांनी डोळे मिटून घेतले. मला वाटलं, झोप लागली.

"तुला दिवाळीनंतर विचारलं होतं त्याने, इथून जावंसं वाटतं का म्हणून. तू हो म्हणाली होतीस. मी विसरलो नव्हतो," ते म्हणाले. "किती हळू चाललो होतो मी, आठवतं? एवढासा उतार, पण पाऊल पाऊल मोजत गेलो. म्हटलं, घाई नको. पोरीला विचारायला वेळ मिळू दे."

मी त्यांचं पांघरूण सारखं केलं आणि म्हटलं, "आठवतं."